राखेचा चौथा डबा

नवऱ्याला जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून थेट नदीकाठच्या द्राक्षमळ्यांच्या उतारावरच्या एका गावात राहायला गेलो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, खाली घरमालकीण. समोर मी त्यांना 'फ्राउ' आणि पुढे आडनाव असंच म्हणायचे. इथे नुसतं बाई म्हणते. साठी उलटलेल्या, ताठ पाठीच्या, हात कायम मातीनं पांढुरके. घरामागे त्यांचं वर्कशॉप होतं आणि त्याला लागून गॅसची भट्टी. त्या चहाचे वाडगे करायच्या. जपानी पद्धतीचे, बिनकानाचे, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचे.

पहिले काही महिने आम्ही एकमेकींवर पाळत ठेवून होतो. जिना पुसायचा आठवडा आमचा असला की बाई कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या. मी नारळाची करवंटी कुठल्या कचऱ्यात टाकते हे त्या झाकण उघडून तपासायच्या. फोडणी दिली की खालून खिडकी बंद केल्याचा आवाज यायचा. मीही कमी नव्हते. वर्कशॉपला त्या कायम कुलूप का लावतात, जिन्याखाली पुरुषाचे बूट आहेत आणि पुरुष मात्र दिसत नाही हे कसं, याची नोंद मी मनात घेत होते.

एकदा विचारलंच. नवे नवे जर्मनचे धडे चालले होते, त्यामुळे वाक्य आधी मनात जुळवून घेतलं. तुमचे पती?

बाई म्हणाल्या, "एअर इस्ट गेगांगेन."

मी मनात शब्दाला शब्द लावला. ते गेले. आपल्याकडे याचा एकच अर्थ होतो. मी मान खाली घातली आणि येत होतं तेवढ्या जर्मनमध्ये दुःख व्यक्त केलं. बाईंनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं, आणि मग 'या, या', म्हणजे हो, हो, म्हणून विषय बंद केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी आमच्या दाराशी एक वाडगा ठेवला. राखाडी, एका बाजूला कललेला, खाली पायाशी कोरा, तिथे ग्लेझचा काचेसारखा लेप नाही, नुसती भाजलेली माती. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, बिघडलेला माल दिलाय आपल्याला. भाडेकरूला काय, काहीही चालतं." तो म्हणाला, "असतील तसेच." मी त्या वाडग्यात लसूण ठेवायला लागले.

बाईंना ते खिडकीतून दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं, वर्कशॉपचं कुलूप उघडलं आणि स्टुलावर बसवून चहा दिला. हिरवी पूड, गरम पाणी, बांबूच्या झाडणीनं फेटलेला फेस. चव पालकाच्या पाण्यासारखी. "असा धरा," म्हणाल्या, "मग कळेल तो का वाकडा आहे." मी धरला. कललेल्या बाजूला माझा अंगठा अगदी नेमका बसला. मला बरं वाटलं, आणि लसणाची लाजही वाटली.

तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा खाली जायला लागले. त्यांना मदत हवी होती, मला जर्मन हवं होतं. पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे ग्लेझचं गणित मला त्यांच्या बोलण्यापेक्षा लवकर समजायचं. लाकडाची राख, फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड, थोडी माती. पाण्यात कालवायचं, भाजलेला वाडगा त्यात बुडवायचा आणि भट्टीत तेराशे अंशांच्या आसपास न्यायचं. राखेतला चुना आणि पोटॅश दगडाला वितळवतात आणि त्याची काच होते. झाड काय खाऊन वाढलं ते काचेत उतरतं. म्हणून प्रत्येक राख वेगळी. बाई मला राख चाळायला द्यायच्या, हातात रबरी मोजे घालूनच, कारण भिजलेली राख कातडी सोलते.

भिंतीवर त्यांचा आणि नवऱ्याचा एक फोटो होता. तरुणपणी दोघं काही वर्षं जपानात होते, तिथल्या एका भट्टीसमोर काढलेला. नवरा लांबलचक, मोठ्या कानांचा, हसरा.

फोटोखाली फळीवर चार डबे ओळीनं ठेवलेले होते. एके दिवशी बाईंनी बोट दाखवत सांगितलं, "ही द्राक्षाच्या छाटणीची राख. ही सफरचंदाची. ही बीच झाडाची." चौथ्या, सगळ्यात लहान डब्यावर हात ठेवून त्या थांबल्या. चेहऱ्यावर काही नाही. "उंड दास इस्ट माइन मान." आणि हा माझा नवरा.

मी हसायचं की नाही ते मला कळेना. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डबा पुन्हा सरळ लावला आणि म्हणाल्या, "या डब्याला हात लावायचा नाही. जेवढा आहे तेवढाच आहे. पुन्हा मिळणार नाही."

वर आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला जर्मन नीट कळलं नसेल." मी म्हटलं, "एवढं वाक्य तर पहिल्या धड्यात असतं!"

त्या दिवसापासून माझं डोकं दुसरं काही करेना. गावातलं कब्रस्तान आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या शनिवारी हिरव्या झाऱ्या घेऊन तिथे जायच्या, फुलझाडांना पाणी घालायच्या, पणत्यांसारखे लाल दिवे बदलायच्या. आमच्या बाई कधी गेल्या नाहीत. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं जेवताना सहज सांगितलं की इथे मेलेल्या माणसाची राख घरी ठेवता येत नाही, कायद्यानं ती पुरावीच लागते. "पण लोक परदेशातून दहन करून आणतात म्हणे गुपचूप," असंही वर म्हणाला.

आणि मग माझं रसायनशास्त्र माझ्या मागे लागलं. नुकत्याच लावलेल्या भट्टीतून निघालेल्या काही वाडग्यांच्या कडेला दुधाळ निळसर ओघळ होते, ढगाळ आकाशासारखे. सुंदर होते, पण तो निळा रंग घातलेला नव्हता. असा निळा ग्लेझमध्ये फॉस्फेट असलं की उमटतो, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. फॉस्फेट कशात असतं हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. हाडांत.

मी चहा नाकारायला लागले. आज पोट बरं नाही, आज उपास आहे. बाईंच्या कपाळावर बारीक आठी पडायची. मी वाडगे चाळून बघायचे, कुठला निळा, कुठला नाही. आमच्या दाराशी ठेवलेला राखाडी वाडगा मी उजेडात धरून तासभर न्याहाळला. एका कोपऱ्यात निळसर झाक आहे असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. शेवटी लसूण काढून वाडगा कपाटावर ठेवला. टाकवेना आणि वापरवेना.

ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या. सासरे दोन वर्षांपूर्वी वारले होते, तेव्हापासून त्या एकट्याच होत्या. त्या येणार हे ठरलं तेव्हा, संशय येण्याच्या आधी, मी बाईंना बोलता बोलता राखुंडीबद्दल सांगितलं होतं. भाताचा तूस जाळून केलेली काळी राख, आमच्याकडे जुनी माणसं दात घासायला वापरायची. बाई उठूनच उभ्या राहिल्या. तुसाच्या राखेचं जपानी ग्लेझ साईसारखं पांढरं होतं आणि तसा तूस इथे मिळत नाही, म्हणाल्या. सासूबाईंनी मावळातल्या बहिणीकडून दोन पिशव्या भरून आणल्या. फ्रँकफर्टला कस्टमच्या माणसानं ती काळी पूड बघून त्यांना बाजूला घेतलं. भाषेची पंचाईत. सासूबाईंनी सरळ पिशवीत बोट बुडवलं आणि दात घासून दाखवले. "मग सोडलं मुकाट्यानं," त्या म्हणाल्या. "त्याला काय वाटलं होतं कोण जाणे."

सासूबाईंपासून मला काही लपवता येत नाही. त्यांनी कपाटावरचा वाडगा खाली घेतला, तेव्हा मी ओरडलेच, "अहो आई, त्याला नका हात लावू!" मग सगळं सांगावं लागलं. बाईंचा नवरा गेला, डबा, फॉस्फेट, कब्रस्तान. मला वाटलं, आता अंघोळ, गोमूत्र, घर बदला. तसं काही झालं नाही. त्या वाडगा हातात धरून बसल्या.

"म्हणजे बिचाऱ्याचं विसर्जन झालंच नाही?"

"नाही ना."

"आणि खाली एवढी मोठी नदी वाहतेय!" त्यांना बाईंचा राग नव्हता आला, त्या माणसाची दया आली होती. "तू सांग तिला. म्हणावं, धरून ठेवू नका हो. मोकळं करा त्याला."

"मी कसं सांगू? मला तेवढं जर्मन येत नाही."

"मग मला जमेल ते मी करते," म्हणाल्या.

ते काय ते मला सर्वपित्रीला कळलं. सासूबाईंनी सकाळी उठून खीर, वडे, भाजी केली. बाल्कनीच्या कठड्यावर सासऱ्यांचं पान ठेवलं. केळीचं पान नव्हतंच, कागदी प्लेट. मग शेजारी दुसरी प्लेट ठेवली.

"ही कुणाची?"

"खालच्या साहेबांची. नाव माहीत नाही, पण समजून घेतील."

द्राक्षमळ्यांत कावळ्यांना काय तोटा? सासऱ्यांच्या पानाला तास लागला. दुसऱ्या प्लेटवर मात्र कावळा लगेच आला, वडा उचलला आणि भट्टीच्या धुराड्यावर जाऊन बसला. सासूबाईंनी हात जोडले. इतक्यात खाली वर्कशॉपच्या दारात बाई उभ्या दिसल्या. त्या कावळ्याकडे बघत होत्या, मग आमच्याकडे, मग पुन्हा कावळ्याकडे. त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, घंटा वाजली. नवरा सामान आणायला गेला होता, मी कणीक मळत होते. सासूबाई म्हणाल्या, "मी बघते," आणि खाली गेल्या. मग काहीच आवाज येईना. मी पिठाच्या हातानं जिन्यात आले. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि उघड्या दारात एक लांबलचक म्हातारा माणूस, टोपी हातात, मोठ्या कानांचा.

"फोटोतला," सासूबाई कुजबुजल्या. "अगं, तोच."

मीही बघत राहिले. कान तेच होते. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती, पण मेलेल्या माणसाला खोकला येत नाही, आणि हा खोकला. मग त्यानं नम्रपणे विचारलं की आपली बायको घरात आहे का, खालची घंटा वाजत नाही. मी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तो पायरी न चुकवता, अंधाऱ्या बोळातून, सवयीच्या माणसासारखा गेला.

सासूबाई जिन्यावर बसल्या. "मी जिवंत माणसाचं पान ठेवलं," म्हणाल्या. "कावळ्यानं शिवलंसुद्धा." मी त्यांना समजावत होते, की चूक माझी आहे, भाषेची आहे, पण त्या ऐकेनात. उठल्या आणि तडक स्वयंपाकघरात गेल्या. रवा भाजला, तूप सढळ हातानं घातलं, शिरा केला. तो चांगल्या चिनीमातीच्या बशीत वाढला आणि माझ्या हातात दिला. "खाली नेऊन दे. माझ्या हातचं त्यानं जिवंतपणी खाल्लं पाहिजे. खाल्ल्याशिवाय वर येऊ नकोस."

मी बशी घेऊन वर्कशॉपच्या दाराशी पोचले तेव्हा बाई चहा फेटत होत्या. तो माझ्याच स्टुलावर बसला होता. मी म्हटलं, माझ्या सासूनं पाठवलंय, गरम आहे. बाईंनी मला थांबायची खूण केली. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी तिथे तिसरं कुणीतरी हवं होतं.

त्याच्यासमोर त्यांनी निळ्या ओघळांचा वाडगा ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, चहा प्यायला, मग वाडगा उलटा करून त्याचा पाया बघितला. जपानात राहिलेला माणूस, कसं बघायचं त्याला ठाऊक होतं.

"फार छान झालाय," तो म्हणाला. "हा निळा कुठून आणलास?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही कशासाठी आलात ते आधी सांगा." नवऱ्याला त्या 'तुम्ही' म्हणाल्या. जर्मनमध्ये नवरा-बायको कधी तसं म्हणत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं.

त्यानं सांगितलं. तो दोन वर्षांपूर्वी बॉनला गेला होता. कुणासाठी गेला ते तो बोलला नाही, आणि तिथे ते विचारायची गरजही नव्हती. आता त्यानं स्वतःचं छोटं घर घेतलं होतं, एकट्याचं. त्याला त्याच्या वडिलांचं टेबल हवं होतं. वडिलांनी स्वतः केलेलं, ओक लाकडाचं, सरकत्या कप्प्यांचं. बाकी काही नको, ते तेवढं.

"ते तुमच्या हातात आहे," बाई म्हणाल्या.

तो हसला. मग त्याचं हसू थांबलं. बाईंनी फळीवरचा चौथा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला आणि झाकण उघडलं. तळाशी मूठभर फिकट राख होती.

"त्या हिवाळ्यात मी ते कापलं आणि शेगडीत जाळलं," त्या म्हणाल्या. "रोज थोडं. एवढं मोठं टेबल, पण राख डबाभरच निघाली. निळा कुठून आला म्हणता? टेबलातून. मलाही आधी माहीत नव्हतं."

मी हातात बशी घेऊन तशीच उभी. हाडं नव्हतीच कुठे. ओकाच्या राखेतही फॉस्फेट असतं, प्रत्येक झाडात थोडं असतं, हेही मी पोरांना शिकवलं होतं, पण संशयात तेवढं सोयीनं विसरले होते.

तो राखेकडे बघत बसला. मला वाटलं, वाडगा भिंतीवर फेकेल. बाईंनाही तसंच वाटलं असणार, त्यांचा एक हात टेबलाच्या कडेला घट्ट होता. पण त्यानं वाडगा अगदी सावकाश खाली ठेवला.

"कप्पे पण?"

"कप्पे आहेत. ते प्लायवुडचे, गोंद लावलेले. राखेला उपयोगाचे नव्हते." त्यांनी हत्यारांच्या कपाटाकडे मान केली. त्यांची सगळी कोरण्याची हत्यारं त्या कप्प्यांत होती.

मग मला सासूबाईंचं बोलणं आठवलं आणि मी बशी पुढे केली. "थंड होतंय," म्हटलं. दुसरं वाक्य सुचलंच नाही. त्यानं चमचा घेतला. बहुतेक हातांना काहीतरी काम हवं म्हणून तो खात गेला, आणि बशी रिकामी झाली. खाता खाता त्याचे डोळे भरले होते. बाई पाठ फिरवून कप्प्यांतली हत्यारं बाहेर काढत होत्या, एक एक पुसून.

जाताना त्यानं विचारलं, "हा वाडगा द्याल?"

"नाही."

तो कप्पे काखेत घेऊन गेला. फाटकापर्यंत बाई गेल्या नाहीत.

मी त्यांना सगळं सांगून टाकलं ते दोन दिवसांनी, भट्टी भरताना. 'गेगांगेन'चा अर्थ आमच्याकडे काय होतो, डब्याबद्दल मी काय समजले, चहा का सोडला, कावळ्याचं पान कुणाचं होतं. त्या ऐकत गेल्या आणि शेवटी पोट धरून हसायला लागल्या. मग हसणं थांबलं. म्हणाल्या, "मला वाटलं, गावातल्या बायकांनी तुम्हाला खरं सांगितलं, म्हणून तुम्ही चहा घेत नाही. तुम्हाला माझी कीव येते असं वाटलं. आणि कावळ्यांना मुद्दाम बोलावून तुम्ही माझी वाळत ठेवलेली भांडी घाण करता, अशी माझी खात्रीच झाली होती. मी तक्रारही करणार होते."

"मग केली का नाही?"

"तुमच्या सासूबाईंनी हात जोडले होते. भांडी घाण करणारं माणूस हात जोडत नाही."

"आणि डब्याला 'माझा नवरा' का म्हणालात?"

त्यांनी शेवटचा वाडगा आत सरकवला. "नवरा सोडून गेला, असं म्हटलं की लोक पुढचं विचारतात. असं म्हटलं की गप्प बसतात. तुम्ही पण बसलात की."

त्या भट्टीत मावळातली राख होती. दोन दिवसांनी दार उघडलं तेव्हा वाडगे थंड होताना बारीक टण् टण् आवाज करत होते, ग्लेझला केसाएवढ्या भेगा पडत होत्या. पांढरा रंग साईसारखा दाट आला होता. बाईंनी पहिला वाडगा सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी उलटसुलट बघितला आणि मला मराठीत विचारलं, "यात कोण आहे?" मी म्हटलं, "तांदूळ." मग त्यांनी तो पदरात घेतला.

सासूबाई पुण्याला परतल्या. दर रविवारी फोन व्हायचा, आणि आमची खुशाली विचारायच्या आधी त्या विचारायच्या, "तो माणूस बरा आहे ना?" जिवंत माणसाचं पान ठेवल्याची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. मला कुठून माहीत असणार? म्हणून मी सोमवारी खाली जाऊन बाईंना विचारायचे. बाई पहिल्यांदा खांदे उडवून म्हणाल्या, मला काय ठाऊक. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, सासूबाईंना झोप लागत नाही हो. बाईंनी माझ्याकडे संशयानं बघितलं, हे आमचंच काहीतरी कारस्थान असावं असं. मग मोजे काढले, हात धुतले आणि आतल्या खोलीत फोन करायला गेल्या. दार लोटून घेतलं होतं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"सांगा त्यांना," म्हणाल्या, "सर्दी झालीये. बाकी ठीक आहे."